डी.एल.एड. करायचंय? मग आधी सराव शाळा बघून या

प्राथमिक शिक्षिका व्हायचंय, डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या दोन वर्षांच्या पदविकेला, प्रवेश घेऊ का, असं आमच्या भागातल्या मुली मला हल्ली सारखं विचारतात. काही बारावी झालेल्या असतात, काही माझ्यासारख्या लग्न होऊन, लेकरू पदरात घेऊन पुन्हा शिकायला निघालेल्या. त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवते.

मी हा कोर्स 2022 ते 2024 या काळात सातारा जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित अध्यापक विद्यालयातून केला. त्याआधी मी अंगणवाडीत मदतनीस होते. लहान मुलांत राहायची सवय होती, पण एखादं मूल का अडतं आणि अडलं की काय करायचं, हे कळावं म्हणून मी शिकायला गेले. त्याच अपेक्षेनं मी या कोर्सकडं बघते.

आधी निकाल सांगते. कोर्स करण्यासारखा आहे. मला तो पुन्हा करायला मिळाला तर मी आनंदानं करीन. पण त्याचा जीव वर्गातल्या व्याख्यानांत नाही, आणि फाइलींत तर मुळीच नाही. तुम्हाला ज्या शाळेत सरावाला पाठवतात ती शाळा आणि तिथले गुरुजी-बाई, यांच्यावर सगळं उभं आहे. दोन मैत्रिणी एकाच कॉलेजातून, एकाच वर्षी पास होतात. एक शिक्षिका होऊन बाहेर पडते, दुसरीच्या हातात नुसती पदविका असते. फरक कुठं पडला म्हणून विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर सराव शाळेत सापडतं.

पात्रतेचं थोडक्यात. बारावीला खुल्या प्रवर्गाला 49.5 टक्के आणि मागास प्रवर्गाला 44.5 टक्के लागतात. प्रवेश पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन करते, गुणवत्ता यादी लागते, कागदपत्रांची तपासणी जिल्ह्याच्या डाएटमार्फत, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत, होते. पूर्वीचं डी.एड. ते हेच. घरातली वडील माणसं अजून डी.एड.च म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही.

आता सरावाबद्दल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. कोर्सला 80 टक्के हजेरी लागते, शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे याच सरावाला, 90 टक्के. कागदावर ही रचना फार चांगली आहे. मला ती प्रत्यक्षातही चांगली मिळाली, कारण माझ्या वाट्याला जी जिल्हा परिषदेची शाळा आली तिथं तिसरीच्या वर्गाला एक जुने गुरुजी होते.

त्यांच्या वर्गातला एक तास सांगते. हातच्याची वजाबाकी चालली होती. फळ्यावर 42 वजा 17. एका मुलानं वहीत उत्तर लिहिलं, 35. गुरुजींनी ना लाल पेन काढलं, ना खोडायला सांगितलं. वही स्वतःपुढं ओढली आणि म्हणाले, "हे कसं केलंस, मला सांग बरं." मुलगा लगेच म्हणाला, "दोनातनं सात जात नाहीत ना गुरुजी, म्हणून सातातनं दोन घालवले. मग चारातनं एक." म्हणजे पोरानं अंदाजे काहीही लिहिलेलं नव्हतं. त्याच्याकडं एक नियम होता: मोठ्यातनं लहान घालवायचं, वर असो की खाली. त्या नियमानं तो अगदी नेमानं चालला होता.

गुरुजींनी कपाटातून काड्यांचा डबा काढला. दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या काड्या. "तू दुकानदार. मी गिऱ्हाईक. मला सतरा दे." मुलानं एक गठ्ठा दिला. मग सुट्या दोन दिल्या आणि थांबला. गुरुजी हात पुढं करून नुसते उभे. "अजून पाच राहिल्या माझ्या." मुलगा गठ्ठ्यांकडं बघतोय, गुरुजींकडं बघतोय. शेजारची मुलगी बोलायला लागली तर गुरुजींनी तिला बोटानं गप्प केलं. बऱ्याच वेळानं पोरानं विचारलं, "एक गठ्ठा सोडू का?" गुरुजी म्हणाले, "दुकान तुझं आहे." त्यानं रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या, राहिलेलं मोजलं. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. मग स्वतःच वही ओढून 35 वर रेघ मारली.

तास संपल्यावर गुरुजी मला म्हणाले, "चूक आहे ती कुणालाही दिसते मॅडम. ती चूक त्याच्या डोक्यात कुठनं आली, ते तुम्ही शोधायचं. आता सगळ्या वह्या घ्या आणि अशाच 35 वाल्या वेगळ्या काढा." मी काढल्या. आणखीही सापडल्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच मुलांचा गट करून मी काड्या घेऊन बसले, बाकीच्यांना गुरुजींनी पुढचं दिलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, मी एक जास्तीची ओळ घालायला लागले: मूल इथं कुठं अडेल? टाचणाच्या छापील नमुन्यात ती जागा नाही. उद्दिष्ट आहे, अध्ययन अनुभव आहे, शैक्षणिक साहित्य आहे, मूल्यमापन आहे, फलक लेखन आहे. मूल कुठं अडेल, हे कुठंच विचारलेलं नाही. माझ्या मते पहिला रकाना तोच पाहिजे.

हे सगळ्यांना मिळत नाही, आणि माझा खरा राग यावरच आहे. आमच्याच तुकडीतल्या काही जणींना ज्या शाळेत पाठवलं तिथं त्यांना पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं आणि रजेवरच्या शिक्षकांचे वर्ग गप्प बसवणं हीच कामं मिळाली. त्यांच्या पाठाला निरीक्षणाला कुणी बसलं नाही, निरीक्षण वहीवर सह्या मात्र झाल्या. या मुली हुशार होत्या, मनापासून आल्या होत्या. शाळेतले ते 16 आठवडे कुणाला दुसऱ्यांदा मिळत नाहीत.

सरावात दोन गोष्टी मला अशा दिसल्या की ज्या कोर्सनं अजिबात शिकवल्या नव्हत्या. पहिली म्हणजे बहुवर्ग, एकाच शिक्षकानं एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणं. आम्ही कॉलेजात जे पाठ लिहिले ते सगळे एका इयत्तेचे, एका तासिकेचे. समोर एकच वर्ग, सगळे एका वयाचे, सगळे हजर. आमच्या जिल्ह्यात जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरात जाऊन बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी मिळून दोघं. त्यातला एक शिक्षण परिषदेला किंवा तालुक्याला गेला की चारही इयत्ता एका बाईंच्या पुढ्यात.

मी अशा एका शाळेत काही दिवस होते. तिथल्या बाई सकाळी परिपाठ झाला की पहिलीच्या मुलांना व्हरांड्यात खडूनं काढलेल्या चौकटींवर अक्षरकार्डं जुळवायला बसवायच्या. दुसरीला जोडीजोडीनं वाचन. चौथीतली मुलं आळीपाळीनं तिसरीच्या गटाला गणिताच्या कार्डांवर मदत करायची. बाई एका गटापाशी बसल्या की दहा-बारा मिनिटं तिथंच, मग उठून दुसरीकडं. मधे कुणी "बाई, बाई" करत आलं तर त्याला खुणेनं कार्डांच्या पेटीकडं पाठवायच्या. अडलं तर आधी पेटी, मग जोडीदार, मग गटप्रमुख, मग बाई, हा क्रम पोरांच्या अंगवळणी पडला होता. त्या शाळेतली मुलं मोठ्या शाळेतल्यांपेक्षा स्वतःहून कामाला बसायची, हे मी डोळ्यांनी बघितलं. हा सगळा कारभार त्या बाईंनी स्वतःच्या अनुभवातून बसवलेला. महाराष्ट्रात नव्यानं लागणाऱ्या कितीतरी शिक्षकांना अशीच शाळा मिळते. तरी दोन वर्षांत आमच्याकडून एकही बहुवर्गाचं टाचण लिहून घेतलं नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट ऊसतोडीच्या मुलांची. दिवाळीनंतर आमच्याकडं कारखान्यांचे हंगाम सुरू होतात, बीडकडून टोळ्या येतात, आणि वर्गात अचानक दोन-तीन नवी तोंडं दिसायला लागतात. गाव बदललं तरी शिक्षण चालू राहावं म्हणून कागदोपत्री शिक्षण हमी कार्ड असतं. कार्ड आणलेलं असो वा नसो, आमच्या गुरुजींनी त्या मुलांना पहिल्याच दिवशी वही-पेन्सिल दिली आणि मला सांगितलं, "ही मार्चपर्यंत आहेत. तेवढ्यात वाचायला लावायचं." याचं प्रशिक्षण कॉलेजात कुणी देत नाही, पण शाळा चांगली असेल तर ते मिळतं.

कॉलेजातलं जे चांगलं होतं तेही सांगायलाच पाहिजे. आमच्या मराठीच्या मॅडम. पहिलीच्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं, हे त्यांनी इतकं पद्धतशीर शिकवलं की माझ्या मते निम्मी फी तिथंच वसूल झाली. अ आ इ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं घोकून घ्यायचं आणि मग शब्द, असं आपण सगळे शिकलो. मॅडम म्हणायच्या, मुलाला पहिल्या काही दिवसांतच वाचल्याचा आनंद मिळाला पाहिजे. त्यासाठी अक्षरं गटानं घ्यायची. क, म, ल, ब आणि एक काना एवढं जरी झालं तरी काका, मामा, बाबा, लाल, काम, बाक, कमाल असे कितीतरी शब्द पोराच्या हातात येतात. मग दुसरा गट, दुसरं स्वरचिन्ह. नवं अक्षर आलं की जुनी अक्षरं त्याच्याबरोबर पुन्हा फिरतात, म्हणून विसरत नाहीत. दिसायला सारखी अक्षरं, म्हणजे प आणि ष, घ आणि ध, ही एका गटात कधी घालायची नाहीत. हे बारीकसारीक वाटतं, पण पहिलीत जे मूल मागं पडतं ते बहुतेक इथंच पडतं.

त्या ओघात मॅडमनी आम्हाला फलटणची माहिती दिली. आपल्याच जिल्ह्यात अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढं भारताचं नागरिकत्व घेतलेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी 1978 मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली, 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली, आणि मराठी वाचन-लेखन मुलांना कसं यावं यावर आयुष्यभर काम केलं. आमच्यातल्या कितीतरी जणींचं माहेर फलटण तालुक्यात, पण हे नाव ठाऊक नव्हतं. अशी माहिती देणारी एखादी मॅडम, एखादे सर कॉलेजात असणं ही मोठी गोष्ट आहे. प्रवेशाआधी जुन्या विद्यार्थिनींना एवढं जरूर विचारा: तुम्हाला वाचन शिकवायला कुणी शिकवलं, आणि कसं? नीट उत्तर आलं तर कॉलेज बरं समजा.

आता ज्यासाठी मी गेले होते त्या लहान मुलांबद्दल, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या. इथं कोर्स कमी पडतो आणि हे आधीच कळलेलं बरं. डी.एल.एड. ही पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीची पदविका आहे. शाळापूर्व शिक्षणाची पदविका नियमांत वेगळी आहे. पण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला. अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी सलग. ऑक्टोबर 2022 मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला. म्हणजे मूल एका सरळ रेषेत चाललंय. त्याला शिकवणारी माणसं मात्र अजून दोन वेगळ्या वाटांनी तयार होतात. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडं, शाळा शिक्षण खात्याकडं. मी दोन्हीकडं काम केलंय. एकाच आवारात दोन्ही भरतात, भिंतीला भिंत असते, आणि अंगणवाडीच्या ताईंनी त्या मुलाबरोबर तीन वर्षं काय केलं हे पहिलीच्या बाईंना कुणी सांगत नाही.

कॉलेजात बालविकासाचा विषय होता. पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत, टप्पे, वयोगट, वैशिष्ट्यं. परीक्षेला येतात म्हणून पाठ झाले. मला त्यातलं एकच काम मनापासून भावलं, बालनिरीक्षणाचं प्रात्यक्षिक. एक मूल निवडायचं, काही दिवस त्याच्याकडं नुसतं बघायचं आणि जे दिसलं ते लिहायचं. मत लिहायचं नाही. "हट्टी आहे" असं लिहिलं की सर खोडायचे आणि म्हणायचे, "काय केलं ते लिही."

मी आमच्या जुन्या अंगणवाडीतली चार वर्षांची मुलगी निवडली. पाण्याच्या खेळात तिच्यापुढं एक फुलपात्र, एक पसरट वाटी आणि एक उभा पेला होता. ती फुलपात्रातलं पाणी पेल्यात ओतायची, वाकून डोळा पेल्याच्या पातळीला आणायची आणि म्हणायची, "लई झालं." तेच पाणी वाटीत ओतलं की तोंड बारीक. "कमी झालं." पुन्हा पेल्यात, पुन्हा "लई झालं". मी विचारलं, "कुणी वाढवलं?" तर म्हणाली, "मीच." भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे लहान मुलाला कळत नाही, असं पुस्तकात पियाजेच्या नावाखाली अक्षय्यतेची संकल्पना म्हणून जे होतं ते माझ्यापुढं गुडघे मोडून बसलं होतं. बाकीची मुलं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसली तरी ती उठेना. ताईंनी तिला उठवलंही नाही, हे मला फार आवडलं. घरी आल्यावर मी ते जसंच्या तसं लिहून काढलं. त्या प्रात्यक्षिकाची वही मी अजून जपून ठेवली आहे.

अशी निरीक्षणं दोन वर्षांत पुन्हा पुन्हा व्हायला हवीत. आमच्याकडं एकदा झालं आणि संपलं. बालवाडीत पूर्ण दिवस कसा आखायचा, मुक्त खेळ म्हणजे मुलांना मोकाट सोडणं कसं नाही, पेन्सिल हातात देण्याआधी माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं का करून घ्यायचं, गोष्ट सांगताना कुठं थांबायचं, यातलं काहीही डी.एल.एड.मध्ये नीट होत नाही. मी आज तालुक्याच्या गावी एका खासगी बालवाडीत शिकवते. तिथं पालक पहिल्याच महिन्यात विचारतात, "मॅडम, लिहायला कधी घेणार?" त्यांना शांतपणे समजावून सांगायला लागणारं ज्ञान मला अंगणवाडीच्या ताईंनी आणि त्या पाण्याच्या खेळानं दिलं.

वाईट याचं वाटतं की या विषयात महाराष्ट्राच्या गाठीला एवढं मोठं काम आहे. ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला तिथले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढं 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. वारल्यांची पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलं. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. देशभर आज जी अंगणवाडी आहे तिचं नाव आणि कल्पना इथली. आमच्या वर्गात हे सगळं एका तासात उरकलं, थोर शिक्षणतज्ज्ञ या घटकाखाली, जन्म-मृत्यूच्या सनांसकट. खडे-बिया घेऊन चार दिवस बालवाडी चालवून बघा, असं कुणी म्हटलं असतं तर सगळ्या मुली उड्या मारत गेल्या असत्या.

फाइलींचा विषय काढल्याशिवाय हे लिखाण पुरं व्हायचं नाही. प्रत्येक विषयाचं प्रात्यक्षिक, प्रत्येकाची वही, वर कव्हर, आत शाईच्या पेनानं सुवाच्य अक्षर, समासात रंगीत रेघ. रात्री पोर झोपल्यावर मी ती लिहायला बसायचे आणि सासूबाई माझ्या शेजारी बसून कार्डशीट कापून द्यायच्या. मेहनतीची मला तक्रार नाही. पण निम्म्याहून जास्त मजकूर आदल्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांतून जसाच्या तसा उतरवला जातो आणि तो कुणी वाचत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कृतिसंशोधनासारखं सुंदर काम, ज्यात स्वतःच्या वर्गातली एक अडचण घेऊन तिच्यावर उपाय करून बघायचा असतो, तेही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतं. मी माझं वजाबाकीवर केलं, मुलांच्या खऱ्या वह्या लावून. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तेवढीच एक फाइल पानं उलटून वाचली आणि मला नीट प्रश्न विचारले. मन भरून आलं.

आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी प्रवेश घेतानाच हळूच सांगतात, रोज यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो, परीक्षेपुरतं या. याला सरळ नॉन-अटेंडिंग असा शब्दच पडलाय. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईला ते सोयीचं वाटतं, मला त्या मोहाचं वजन कळतं. पण ताई, जाऊ नका तिकडं. शाळेतले आठवडे बुडाले तर या कोर्समध्ये उरतं ते परीक्षेपुरतं पाठांतर. आणि उद्या तुमच्यापुढं जी पहिलीची पोरं बसतील त्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

खर्चाचं म्हणाल तर शासकीय आणि अनुदानित जागांची फी विनाअनुदानितपेक्षा खूप कमी असते. गुण बरे असतील तर डाएटचा पर्याय आधी भरा. फीशिवाय साहित्य, वह्या, सहल, गणवेश, एसटीचा पास हे धरून चाला. फीची रक्कम तोंडी ऐकू नका, दोन्ही वर्षांची पावती कशी मिळेल ते पहिल्याच दिवशी विचारा.

आणि पुढं काय? नुसत्या पदविकेवर नोकरी नाही. राज्य परीक्षा परिषदेची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 असे 150 गुण, वेळ अडीच तास, पास व्हायला 60 टक्के, मागास प्रवर्गाला 55. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 प्रश्न दोन तासांत. तिच्या गुणांवर शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड. निवड झाली की तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला सध्या महिना 16,000 रुपये मानधन. 2023 पूर्वी ते 6,000 होतं. मी टीईटी पास आहे, 2025 ची अभियोग्यता चाचणी दिली आहे. ही अभियोग्यता चाचणी ठरल्या वेळी होत नाही. पहिली 2017 ला झाली, दुसरी 2023 ला. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, म्हणजे "कोर्स झाला, मग नोकरी कुठाय" हा प्रश्न दर सणाला ऐकावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र डी.एल.एड.वाल्यांच्या बाजूची झाली. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बी.एड. ही पहिली ते पाचवीला शिकवायची पात्रता होऊ शकत नाही, कारण लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे. 2018 मध्ये बी.एड.वाल्यांना जी वाट उघडली होती ती बंद झाली. मला हा निकाल मनापासून पटला. पदवी मोठी म्हणून पहिलीच्या वर्गात जमतंच असं नाही. दुसरीकडं, 2020 चं धोरण म्हणतं की 2030 पर्यंत शिक्षकांची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. व्हावी. त्यामुळं आत्ता बारावी झालेल्या, घरची परिस्थिती बरी असलेल्या मुलीनं त्या चार वर्षांच्या कोर्सची चौकशी नक्की करावी. ज्यांच्या हातात दोनच वर्षं आहेत, ज्यांना लवकर वर्गात उभं राहायचंय, त्यांनी डी.एल.एड. करावं. फक्त बालवाडीतच रमायचं असेल तर शाळापूर्वची पदविका शोधा, किंवा डी.एल.एड. करता करता जवळच्या चांगल्या अंगणवाडीत शनिवारी जाऊन बसायची परवानगी ताईंकडं मागा. बहुतेक ताई हो म्हणतात.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची इमारत, संगणक कक्ष, भिंतीवरचे सत्काराचे फोटो बघण्यात वेळ घालवू नका. सराव शाळांची यादी मागा. त्यातल्या दोन शाळांत शाळेच्या वेळेत जाऊन या, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी काढून. एक मोठी बघा, एक दोन शिक्षकी बघा. तिथल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा की छात्राध्यापिका आल्या की तुम्ही त्यांच्या पाठाला बसता का, नंतर बोलता का. पोरांच्या वह्या उघडून बघा, तपासणाऱ्यानं नुसता बरोबरचा शेरा मारलाय की पोरासाठी काही लिहिलंय. कॉलेजच्या मार्गदर्शक सरांचं नाव तिथल्या पोरांना माहीत आहे का बघा. माहीत असेल तर सर खरंच येतात. यादी द्यायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर ऑनलाइन अर्जात त्याचा पर्याय खाली टाका आणि पुढचं कॉलेज बघायला जा.